चूक आमचीच असेल

"परत एकदा सा लावा, ताई. घाई नाही," अब्बा म्हणाले.

फोन कारखान्यातल्या सतरंजीवर उताणा पडला होता, स्पीकर लावून. पलीकडे नाशिकहून एक बाई गात होत्या. अलीकडे मिरजेत अब्बा डोळे मिटून बसले होते, डाव्या हातात घोडी आणि उजव्या हातात कानस. घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यापुढच्या फळीवर बसते ती लहानशी पट्टी. तारा तिच्यावरून जातात. तिचा माथा कानशीनं केसभर उतरता केला की तार नुसती वाजत नाही, बोलायला लागते. याला आम्ही जवारी काढणं म्हणतो. गाणाऱ्याचा गळा ऐकल्याशिवाय जवारी काढायची नाही, हा आमच्या घरचा चार पिढ्यांचा रिवाज. पूर्वी गवई मिरजेला येऊन आठ-आठ दिवस राहायचे. आता गिऱ्हाईक मोबाईलवर सापडत होतं, तेव्हा अब्बांनी रिवाज मोबाईलवर आणून ठेवला.

बाई खाली खर्जात उतरल्या आणि त्यांचा आवाज जरा खरखरला. अब्बांनी मान हलवली, त्यांना दुवा दिली आणि मला फोन बंद करायला सांगितलं.

"हिला खाली आधार लागतो," ते म्हणाले. "खर्जाची तार थोडी जास्त मोकळी ठेवूया."

चौथ्या, म्हणजे खर्जाच्या तारेच्या जागी त्यांनी कानस एकदा फिरवली, दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा उचलली आणि खाली ठेवून दिली. "इथं थांबायचं बघ, तस्नीम. आणखी एक हात मारला की तार मेली."

याला आता अकरा वर्षं झाली. घरात आम्ही दखनी बोलतो, पण कारखान्याची भाषा मराठी, म्हणून मराठीतच सांगते.

ऑनलाइन दुकान माझं होतं. बी.कॉम. होऊन घरी बसले होते, अंगात रग होती, आणि कारखान्यातले तंबोरे धूळ खात उभे होते. मी फोटो काढले, एका मोठ्या कंपनीच्या साइटवर खातं उघडलं, आणि दीड वर्षात चौदा वाद्यं विकली. माझा थोरला भाऊ मुबारक याला ते पहिल्यापासून खटकत होतं. ज्याचं तोंड बघितलं नाही त्याला माल देणं म्हणजे विहिरीत टाकणं, असं त्याचं म्हणणं. पण त्याला खरं खुपत होतं ते वेगळंच. दुपारी कारागीर जेवायला गेले की अब्बा मला घोडीजवळ बसवायचे आणि कानस हातात द्यायचे. आमच्याकडे बायका तारा गुंडाळतात, वाद्यांच्या गवसण्या, म्हणजे कापडी खोळी शिवतात. घोडीला हात लावत नाहीत. दुकान चालतंय, ती गिऱ्हाइकं आणते, तर तिला काम कळायला नको का, ही अब्बांची पळवाट. दुकान होतं म्हणून मी घोडीजवळ होते. मुबारकनं एकदा जेवताना सांगूनच टाकलं होतं, की ज्या दिवशी एका वाद्याचे पैसे बुडतील त्या दिवशी दुकान बंद आणि कानसही बंद. अब्बांनी मान खाली घालून भात कालवला, म्हणजे ते कबूल झाले.

नाशिकच्या बाईंचं नाव माधवी कोठावदे. गाण्याचा क्लास चालवायच्या. तंबोऱ्याची किंमत अडतीस हजार, आणि ती त्यांनी कार्डानं आधीच भरली होती. मी स्वतः वाद्य बांधलं. भोपळ्याभोवती जुन्या गोधड्या, दांडीला बांबूच्या पट्ट्या, वर लाकडी खोकं, मधे पेंढा. मुबारक दारात उभा राहून बघत होता. खोक्याला खिळे जरा कमीच वाटतात, असं म्हणून तो गेला, आणि मी चिडून, मारले होते तेवढेही खिळे मोजले नाहीत.

नवव्या दिवशी बाईंचा मेसेज आला. भोपळा फुटलेला मिळाला. सोबत फोटो होता. अंधुक प्रकाश, पेंढा, आणि भोपळ्याला वरपासून खालपर्यंत गेलेली फट.

तो फोटो बघून मला रडू फुटलं. पैशांचं तेव्हा डोक्यातही आलं नाही. अब्बांनी त्या वाद्यावर अडीच महिने घातले होते आणि मी चार खिळ्यांत ते मारलं होतं. मी अब्बांना फोटो दाखवला. त्यांनी तो जवळ धरून बघितला आणि म्हणाले, "लिही. माफ करा, चूक आमचीच असेल. वाद्य परत पाठवा, नवीन करून देतो."

हाही रिवाजच. आजोबांनी घालून दिलेला. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की वाद्य ठीक आहे, तुमचंच काही चुकलं असेल, असं कधी म्हणायचं नाही. आधी चूक आपल्याकडे घ्यायची, मग वाद्य मांडीवर घ्यायचं. शंभरातल्या नव्वद वेळा चूक त्याचीच निघते, पण ती त्यानं आपण होऊन सांगावी. समोरासमोर हे फार चांगलं चालतं. गिऱ्हाईक लाजतं, चहा होतो, माणूस जन्माचा जोडला जातो.

मी अक्षरन् अक्षर तसं लिहिलं आणि साइटवरच्या तक्रारीखाली टाकलं. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात तो असा. दुसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. विक्रेत्यानं चूक लेखी मान्य केली आहे, सबब खरेदीदाराला पूर्ण रक्कम परत केली आहे, वस्तू मोडलेली असल्यानं परत मागवण्याची गरज नाही, आणि ही रक्कम तुमच्या खात्यातून कापून घेतली आहे. शिवाय खात्यावर लाल शेरा. मी पत्रावर पत्र पाठवलं, की निदान मोडका तंबोरा तरी परत द्या, दांडी आणि खुंट्या वापरता येतील. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत, खाली कुणाचं नाव नाही. बाईंना फोन केला तर त्या थंडपणे म्हणाल्या, की कंपनीशी बोला, माझ्याकडून विषय संपला.

मुबारकचं बघणंच जास्त लागायचं. तो येता-जाता त्या उरलेल्या खिळ्यांच्या पुडीकडे बघायचा. लाल शेऱ्यामुळे नवीन ऑर्डरी थांबल्या. कंपनीनं अपिलाला मुदत दिली होती. तोवर निकाल फिरला नाही तर खातं कायमचं बंद. आणि निकाल फिरायला वाट एकच: खरेदीदारानं स्वतः तक्रार मागे घ्यायची. अब्बांनी मला दुपारी घोडीजवळ बोलवणं बंद केलं. रागानं नव्हे. मला वाटतं, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. आणि मीही कुणाला दोष देत नव्हते. तीन महिने मी मनाशी धरून चालले होते, की तो तंबोरा मीच फोडला.

तरी एक खोड लागली होती. रोज त्या बाईंच्या क्लासचं पान उघडून बघायची. कशासाठी, ते विचारू नका. जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी जायची.

गुरुपौर्णिमेनंतर दोन दिवसांनी त्या पानावर एक व्हिडिओ आला. क्लासचा कार्यक्रम, बाई गातायत, मागे एक मुलगी तंबोरा छेडतेय. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर मागून निळी गवसणी, म्हणजे भोपळा फुटका की धड, काहीच दिसत नव्हतं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत ऐकत होते. बाहेर कारखान्यात कानशीचा आवाज चालू होता. तो थांबला. अब्बा दारात आले.

"कुणाचा तंबोरा गं हा?"

मी सांगितलं, की त्याच नाशिकच्या बाई गातायत. अब्बांनी फोन हातात घेतला आणि कानाला लावला, जसा कुणाचा कॉल आलाय. व्हिडिओ संपला. त्यांनी परत लावायला सांगितला. चौथ्यांदा ऐकल्यावर ते पाटावर बसले.

"हा फुटलेला न्हाई," ते म्हणाले. "हा आपलाच हाय. खर्जाची तार ऐक की. ही मी सोडलीय तशीच बोलायलीय."

मी ऐकलं. आणि खरं सांगते, मला ऐकू आलं. तीन तारा इतर कुठल्याही चांगल्या तंबोऱ्यासारख्या, आणि चौथी किंचित जास्त पसरणारी, त्या बाईंच्या खरखरीखाली पायघडी घातल्यासारखी. आधी सुटका वाटली, की मी फोडला नव्हता. मग असा संताप आला, की कणकेचा गोळा मी परातीत आपटला. माझी दादी म्हणायची, या पोरीचा स्वभाव कानशीसारखा, जिथं फिरेल तिथं काहीतरी कमी करील.

मुबारकला सांगितलं तर त्यानं पहिल्यांदा माझ्या बाजूनं शिवी दिली. पण लगेच म्हणाला, "हे कुणाला पटवून द्यायचं? कंपनीला कान असतात काय गं?"

मुदत सोमवारी संपत होती. त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी अब्बा आणि मी एसटीत बसलो, पुण्यात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, मुक्काम केला आणि शनिवारी अकराच्या सुमारास नाशिकला बाईंच्या इमारतीखाली उभे राहिलो. वाटेत मी सगळा बेत पक्का केला होता. मी मुलगी, अब्बा वडील, क्लास लावायचाय म्हणून वर जायचं, आणि मी हळूच गवसणी वर करून फोटो काढायचा. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव लपवून मी कुणाच्या दारात उभा राहिलेलो न्हाई. आता या वयात काय शिकू?"

दुसरा मजला. दाराबाहेर आठ-दहा जोड चपला. आतून तंबोरा ऐकू येत होता. दार वाजवायच्या आधी अब्बा तिथंच मिनिटभर थांबले आणि ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून मी बघितलं. तिथं राग नव्हता. आजारी माणूस बरा असल्याचं कळावं तसा तो चेहरा होता.

दार बाईंनीच उघडलं. पंचेचाळिशीच्या, सुती साडी, कपाळावर बारीक टिकली, थकलेले डोळे. मी मनात जी चेटकीण रंगवली होती तिच्याशी काही जुळेना. अब्बांनी सलाम केला, दस्तगीर, मिरजेहून, असं नाव-गाव सांगितलं, आणि बाईंचा हात कडीवरच राहिला.

त्या हळू आवाजात, पण भरभर बोलल्या. तो तंबोरा फुटलाच होता, त्यांनी तो टाकून दिला, आत आहे तो त्यांच्या गुरुजींचा, जुना. मी म्हणाले, मग गवसणी काढून दाखवा. त्या म्हणाल्या, क्लास चालू आहे, नंतर फोन करून या. दार लोटलं जात होतं, तेवढ्यात आतून कुणीतरी विचारलं, "कोण आलंय ताई?"

"मिरजेहून आलोय," अब्बाच म्हणाले. "तंबोरे करतो मी."

झालं. आतल्या सगळ्याजणी उठून उभ्या राहिल्या. गाणाऱ्यांच्या घरात मिरजेचा वाद्य करणारा आला म्हणजे काय, हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं. एकीनं आसन टाकलं, एकीनं पाणी आणलं, एक साठीच्या बाई होत्या, त्यांना सगळ्या अहिरे काकू म्हणत, त्या तर वाकून अब्बांच्या पाया पडल्या. आता माधवीताईंना दार लावता येईना. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी अब्बांच्या कानाशी लागले, की आता बोला, सगळ्यांसमोर बोला. त्यांनी मान हलवली. "शिष्यांसमोर गुरूची अब्रू घ्यायची नसते."

मग आलो कशाला, असं मला ओरडावंसं वाटत होतं. सोमवार दोन दिवसांवर होता. अब्बा मात्र तंबोऱ्याकडेच बघत होते. त्यांनी बाईंना विचारलं, की परवानगी असली तर जवारी बघतो, तारांनी झिजून बसली असेल. बाई नाही कशा म्हणणार? नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि शिष्या तर आधीच सरकून जवळ बसल्या होत्या, अशी गोष्ट परत कधी बघायला मिळायची म्हणून.

अब्बांनी तंबोरा मांडीवर घेतला. गवसणीला हात लावला नाही. तारा सैल केल्या, घोडी सुटी केली, खिशातून कापडात गुंडाळलेली कानस काढली. आजोबांची कानस ती. अब्बा तिच्याशिवाय गावाबाहेर जात नसत. मग वर बघून म्हणाले, "सा लावा, ताई."

बाई माझ्याकडे बघत होत्या, अब्बांकडे बघत नव्हत्या. पहिला सा कापला. दुसराही कापला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि सूर लागला, आणि मग सवयीनं त्या खाली उतरल्या. खर्जात आवाज खरखरला. तीच खरखर, सतरंजीवरच्या फोनमधली. अब्बांनी मान डोलावली.

आणि मग त्यांनी कानस माझ्यापुढे धरली.

"चौथीची जागा तू बघ," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. गिऱ्हाइकाच्या घोडीला त्यांनी मला आजवर कधी हात लावू दिला नव्हता. सगळ्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. काकू म्हणाल्या, वा, मुलगी पण करते का? मी घोडी डाव्या हातात धरली. जागा माहीत होती, कोन माहीत होता. खरं म्हणजे तिथं करायला काहीच नव्हतं, तीन महिन्यांत ती जराही बसली नव्हती. मी बाईंकडे एकदा बघितलं. मग कानस फिरवली. एकदा, दोनदा, आणि आणखी एकदा.

अब्बांनी घोडी परत बसवली, तारा चढवल्या, मणी सरकवून सूर मिळवला आणि तंबोरा छेडला. पंचम बोलला. जोडाच्या दोन तारा बोलल्या. चौथी तार पत्र्यावर खडा पडावा तशी टक् झाली आणि गप्प बसली. अब्बांनी परत छेडलं. परत टक्.

ज्यांना कान होता त्या सगळ्या दचकल्या. आणि माधवीताई भिंतीपासून पुढे आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि भोपळ्यावर हात ठेवला.

"हा असा नव्हता हो वस्ताद," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून आला तेव्हा याची खर्जाची तार..."

तिथं त्या थांबल्या. उशीर झाला होता. स्वतःच्या कानानंच त्यांना दगा दिला होता. शिष्यांना मात्र काहीच कळलं नव्हतं. अहिरे काकू आपल्या भाबडेपणानं म्हणाल्या, की हो ना, खोकं उघडलं तेव्हा आम्ही सगळ्या होतो, नुसतं बोट लावलं तर अंगावर काटा आला होता. सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलाय हा ताईंसाठी, आता असा कसा झाला?

वर्गणी. म्हणजे पैसे बाईंचेही नव्हते. शिष्यांनी दिलेले पैसे कार्डातून गेले आणि कंपनीकडून बाईंच्या खात्यात परत आले. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. अब्बांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, हलकेच, आणि मी ते गिळलं.

"माफ करा," ते त्या खोलीतल्या सगळ्यांना म्हणाले. "चूक आमचीच असेल."

त्यांनी तारा परत सैल केल्या, घोडी काढली आणि कानशीबरोबर कापडात गुंडाळून खिशात घातली. घोडी मिरजेला नेतो, ताईंचा निरोप आला की नीट करून पाठवतो, असं सांगितलं आणि चहा न घेता उठले. तंबोरा कोपऱ्यात तसाच टेकवलेला राहिला, सैल तारांचा.

बाई आमच्यामागून जिन्यात आल्या. पहिल्या मजल्यावर त्यांनी आम्हाला गाठलं. जागेचं सहा महिन्यांचं भाडं थकलं होतं, म्हणाल्या. ओळखीतल्या एकीनं सांगितलं, की नुसता फोटो टाकला तरी पैसे परत येतात. फोटो गुरुजींच्या घरी पडलेल्या जुन्या फुटक्या तंबोऱ्याचा होता. पेंढा आमच्याच खोक्यातला. "मला वाटलं, मोठी कंपनी आहे, तिला काय फरक पडतो."

"ते पैसे कंपनीनं माझ्याकडून कापले," मी म्हणाले. "आणि तंबोरा मी फोडला असं मी तीन महिने समजत होते."

त्या रडल्या नाहीत. अब्बांकडे बघून हात जोडले आणि वर निघून गेल्या.

परतीच्या एसटीत अब्बा खिडकीला बसले. सिन्नर गेल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अब्बा, हात घसरला माझा."

"हं," ते म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

संगमनेरच्या स्टँडवर गाडी थांबलेली असताना फोन वाजला. खरेदीदारानं तक्रार मागे घेतली आहे, रक्कम आपल्या खात्यात जमा करण्यात येईल, शेरा काढण्यात येत आहे. पुन्हा तेच बिननावी पत्र, पण या वेळी मी ते पाच वेळा वाचलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ते खोटं नाही. मी अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवलं, जवळजवळ उड्या मारत. त्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं आणि डोळे मिटले. त्यांना आनंद झालेला नाही, हे मला कळलं. का, ते कळलं नाही. थकले असतील, असं मी धरून चालले.

मिरजेला आल्यावर त्यांनी घोडी माझ्यापुढे ठेवली. माथा सगळा उतरवून पहिल्यापासून करायचा होता. रिवाजाप्रमाणे गळा ऐकल्याशिवाय जवारी काढता येत नाही. त्यामुळे मला फोन लावावा लागला. तो मी दोन दिवस टाळला. तिसऱ्या दिवशी लावला, सतरंजीवर ठेवला आणि म्हणाले, "सा लावा, ताई."

फोन ठेवलाय की काय असं वाटलं. मग सूर आला. आम्ही दोघी त्याशिवाय काही बोललो नाही. त्या गात राहिल्या, मी कानस चालवत राहिले. कानस नवीन होती. अब्बांनी ती सांगलीहून आणून दिली होती आणि मी विचारलंही नाही, का म्हणून.

चार दिवसांनी घोडी झाली. अब्बांनी एका दुसऱ्या तंबोऱ्यावर चढवून ती ऐकली, आणि म्हणाले, जाऊ दे नाशिकला. ही त्यांची शाबासकी. मुबारकनं आपण होऊन पार्सल बांधलं आणि बांधतानाचा व्हिडिओ काढून घेतला. तेव्हापासून पार्सल बांधायचं काम त्याच्याकडेच आहे. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. दुकान राहिलं, घोडीजवळची जागा राहिली. तरी मला चैन पडेना. त्या दुपारी कारागीर जेवायला गेल्यावर मी अब्बांपुढे बसले आणि सांगून टाकलं.

"नाशिकला माझा हात घसरला नव्हता."

"मला ठाऊक हाय," अब्बा म्हणाले. "तुझा हात घसरत न्हाई."

"मग बोलला का नाही मला?"

ते एक खुंटी फडक्यानं पुसत होते. पुसून झाली तरी पुसत राहिले.

"चाळीस वर्षांत या हातानं एकही तार मारली न्हाई," ते म्हणाले. "त्या दिवशी मारायची होती. त्याशिवाय ती बाई बोलली नसती. पण हात वळेना बघ. तुझा राग मला ठाऊक होता, म्हणून कानस तुला दिली."

त्या क्षणी, त्या खोलीत, कानस पुढे आली तेव्हा मला वाटलं होतं, की अब्बांनी आज मला आपल्या जागेवर बसवलं. तो दिवस मी मनात सणासारखा जपला होता. त्यांनी मला आपली कला दिली नव्हती. त्यांना जे करवत नव्हतं ते दिलं होतं, आणि ते दिल्याचं ओझं मात्र स्वतःकडे ठेवलं होतं. तीन महिन्यांपूर्वी चूक आमचीच असेल असं त्यांनी लिहायला सांगितलं, तो रिवाज होता. नाशिकच्या खोलीत ते म्हणाले तेव्हा ते खरं होतं: कानस त्यांनी जाणून मला दिली होती, आणि हे त्या खोलीत फक्त त्यांना एकट्याला माहीत होतं.

"आजोबांची कानस कुठाय?" मी विचारलं.

"हाय वरच्या फळीवर. ती आता नको."

ती त्यांनी परत कधी हातात घेतली नाही. ते गेले त्याला आता चार वर्षं होतील. कारखान्यातल्या घोड्या मी करते, लोक मलाच वस्ताद म्हणतात, आणि मुबारक ते ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तक्रार आली की मी अजूनही पहिलं वाक्य तेच लिहिते, फक्त लिहायच्या आधी थोडा वेळ थांबते. वरच्या फळीवरची कानस वर्षातून एकदा काढते, गंज चढू नये म्हणून तेल लावते, त्याच कापडात गुंडाळते आणि परत ठेवून देते.